पायांनी धरलेलं लाकूड

बाळकृष्ण मेस्त्रींच्या उजव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर सरकलेला आहे. मधे आणखी एक बोट मावेल, इतका. जन्मतः तो तसा नव्हता. कणकवलीजवळच्या गावात, सातव्या वर्षापासून, वडिलांच्या समोर बसून त्यांनी त्या अंगठ्यानं लाकूड धरलं. जमिनीवर बसायचं, एक गुडघा उभा, एक आडवा, फळी दोन्ही तळपायांत दाबायची आणि हात मोकळे ठेवायचे. रंधा, करवत, पटाशी, सगळं याच बैठकीत. लाकूड सरकायला लागलं की आधी पायाला कळतं, डोळ्याला नंतर.

मस्कतच्या दक्षिणेला, अल अमेरातमधल्या मजीदच्या वर्कशॉपमध्ये ते सत्तावीस वर्षं असेच बसत आले. भोवती यंत्रं आली, माणसं बदलली, पण त्यांच्या कोपऱ्यात जमिनीवर अंथरलेला प्लायवूडचा तुकडा तसाच राहिला. जुन्या दरवाज्यांची दुरुस्ती, कोरीव चौकटी, लाकडी पेट्यांचे मोडलेले पाय, हे सगळं तिथं यायचं.

उभं राहून काम करणाऱ्याला ते सुतार मानत नसत. खिडक्या बसवणारा नाशिकचा बंटी त्यांचा जुना सोबती. त्याला म्हणायचे, "घोडा उभ्यानं झोपतो, तू उभ्यानं काम करतोस. दोघांचंही अर्धवटच."

"पण घोड्याचं बूड झिजत नाही, मेस्त्री," बंटी म्हणायचा. "तुमचं बघा एकदा आरशात."

मे महिन्यात एका मंगळवारी मेस्त्रींना उठता आलं नाही. गिऱ्हाईक समोर होतं. त्याला चौकट दाखवायला ते उठू लागले आणि बिजागरीत खडा अडकावा तसा उजवा गुडघा मधेच अडकला. मजीद आणि बंटीनं काखेत हात घालून त्यांना उचललं. गिऱ्हाईक चौकटीकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिलं. डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि जमिनीवर बसणं बंद, म्हणून सांगितलं.

मजीद त्यांच्याच वयाचा. वर्कशॉपमधल्या माणसांकडून शिकलेल्या हिंदीत तो बोलतो, मोजकंच. दोन दिवसांनी त्यानं मेस्त्रींना गाडीत घालून आपल्या घरी नेलं आणि गॅरेजचं शटर वर केलं. जुने टायर, खजुराचे क्रेट, तंबू, मुलांच्या सायकली, कोळशाची शेगडी. गाडी बाहेर उन्हातच उभी असायची, कारण आत जागाच नव्हती.

"इथं एक कामाचं टेबल कर," मजीद म्हणाला. "उभ्यानं काम करायचं. आणि त्या भिंतीला फळ्या. मी इब्रीला चाललोय, आईकडे, खजूर उतरवायला. दहा दिवसांनी येतो. तुला उभ्यानं जमलं तर लहान कामं इथंच करत राहा. व्हिसा वाढवतो."

"आणि नाही जमलं तर?"

मजीदनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "इन्शाल्ला, जमेल."

त्या दुपारी गावाहून बायकोचा, सुगंधाचा फोन आला. तिला गुडघ्याचं कळलं होतं, बंटीनंच सांगितलं असणार.

"घराक येवा आता," ती म्हणाली.

"येवन काय करू?"

"काय करूक कित्याक व्हया? बसान ऱ्हवा."

"ताच तर जमणा नाय," मेस्त्री म्हणाले. ती हसली. ते हसले नाहीत. घरी जाण्याचं त्यांना भय नव्हतं. घरच्या पडवीत वडिलांची बसायची जागा अजून होती, मातीत दोन टाचांचे खळगे पडलेली. त्या खळग्यांशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, की मी सुतार होतो. त्यातल्या 'होतो'शी त्यांचं भांडण होतं.

शुक्रवारी बंटी आला. टेबल किती उंच करायचं हे मेस्त्रींना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची वेळच कधी आली नव्हती.

"सरळ उभे राहा," बंटी म्हणाला. "हात खाली सोडा. पोटाला घाबरू नका, ते मोजायचं नाहीये." त्यानं मेस्त्रींच्या मनगटापाशी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. "एवढं. टेबलाचा वरचा भाग इथं आला पाहिजे."

मेस्त्री त्या रेघेकडे पाहत राहिले. मुलांची उंची मोजतात तशी रेघ होती, फक्त ती वाढणार नव्हती.

शनिवारी त्यांनी कामाला हात घातला, आणि टेबलाच्या पहिल्याच पायाला करवत लावताना अडलं. लाकूड धरायला काही नव्हतं. ज्यावर धरायचं ते टेबल अजून व्हायचं होतं. शटर अर्धं खाली ओढून ते जमिनीवर बसले. उठायला म्हणून छताच्या लोखंडी तुळईला त्यांनी एक दोर बांधला आणि त्याला गाठी मारल्या. तो धरून उठायचं, उठताना ओठ दाताखाली धरायचा. दिवसातून अकरा-बारा वेळा. उभ्यानं काम करायचं टेबल त्यांनी असं बसून केलं. पायाच्या टोकाचा कुसू वरच्या लाकडाच्या खाचेत असा बसला की वरून पाणी ओतलं तरी आत जाऊ नये. बाजारातून आणलेला लोखंडी वाइस त्यांनी कडेला बसवला. पायांऐवजी आता तो लाकूड धरणार होता.

चौथ्या दिवशी ते टेबलापुढे उभे राहिले. शेल्फची पहिली फळी वाइसमध्ये आवळली आणि करवत चालवली. करवत रेघ सोडून गेली. दुसरी फळी घेतली, तीही गेली. वाइस लाकूड घट्ट धरत होता, पण सांगत काहीच नव्हता. कुठे थरथरतंय, कुठे गाठ आहे, कुठे हात जास्त दाबतोय, काही नाही. मेस्त्रींनी चपला काढून पाहिल्या. टेबलाखाली उजवा अंगठा वर उचलला जात होता, सिमेंटवर काहीतरी चाचपत होता. पन्नास वर्षं हातांना जे येत होतं ते अर्धं पायांचंच होतं, हे आता कळलं. या वयात ते वरच्या अर्ध्याला शिकवायचं कोणी?

चार फळ्या वाया गेल्या. पाचवी त्यांनी खाली बसून कापली. ती सुतासारखी सरळ आली. मग त्यांनी सगळ्याच बसून केल्या. वाया गेलेल्या चार त्यांनी टायरांमागे उभ्या करून ठेवल्या. भिंतीला शेल्फ चढवायला बंटी आला. त्यानं दोराकडे पाहिलं.

"झोपाळा बांधलाय? पाळणा हलणार काय घरात?"

"मजीदला सांगू नको."

बंटीनं ड्रिल खाली ठेवलं. "मेस्त्री, आज नाही सांगितलं. उद्या तो समोर उभा राहील तेव्हा?" मेस्त्रींनी पुढची फळी त्याच्यापुढे धरली. बंटीनं पुन्हा ड्रिल उचललं.

मजीद दहाव्या दिवशी सकाळी आला. अंगावर इब्रीची धूळ होती. सायकली खाली, शेगडी मधे, तंबू वर, असं सगळं लागलेलं होतं. त्यानं टेबलावर तळहात फिरवला, फळ्यांच्या कडांवरून बोट फिरवलं.

"हे सगळं उभ्यानं?"

"हो," मेस्त्री म्हणाले.

"आणि हा दोर?"

"फळ्या वर घ्यायला."

मजीदनं मान हलवली. खुशीत होता. त्यानं गाडीतून आईकडची लाकडी पेटी आणून टेबलाच्या टोकाला ठेवली. पितळी खिळ्यांची, जड, एक पाय मोडलेली. "माझ्या आजीची. याच टेबलावर पाय करून दे. मला बघू दे, कसं करतोस ते."

मेस्त्रींनी सागाचा तुकडा वाइसमध्ये आवळला. पटाशी लावली. पहिला घाव नीट गेला, दुसराही. तिसऱ्याला लाकडातला पीळ आडवा आला, तो पायाला कळला असता. पटाशी सटकली आणि तुकड्याचा कोपरा उडून शटरपर्यंत गेला. दुसरा तुकडा लावला. त्याचंही तेच झालं.

मजीदनं उडालेला कोपरा उचलला, तिथेच फळीवर ठेवला. मग तो टायरांकडे बघू लागला. मागून चार वाकड्या फळ्यांची टोकं दिसत होती.

"खलास, मेस्त्री," तो हळू आवाजात म्हणाला. "राहू दे."

मेस्त्रींनी खजुराचा एक क्रेट पालथा घातला, टेबलाशी सरकवला, त्यावर चढले. दोर धरला आणि स्वतःला टेबलावर ओढून घेतलं. बसले. एक गुडघा उभा, एक आडवा. आडवा घेताना डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिसरा तुकडा त्यांनी तळपायांत धरला, अंगठा जागेवर बसला. मग पटाशी चालू लागली. पातळ, एकसारख्या साली निघून टेबलावरून खाली पडत राहिल्या. मजीद खाली उभा राहून वर पाहत होता. मेस्त्रींना वाटलं, आपण आपल्याच फळीवर कुणीतरी ठेवलेली वस्तू आहोत.

पेटीचा पाय तयार झाला. त्यांनी पेटी ओढून लावून पाहिला. बसला. पेटी डुगली नाही.

"असं किती दिवस करशील?" मजीदनं विचारलं.

"गुडघा वाकतोय तोवर."

मजीदनं बराच वेळ दोराकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "तोवर."

मेस्त्रींनी मान डोलावली. आता खाली उतरायचं होतं. पण गुडघ्यानं आतून कडी लावून घेतली होती. ते मजीदला दिसू द्यायचं नव्हतं, आणि मजीद जात नव्हता. तो क्रेटवर बसला, खिशातून खजूर काढून खाऊ लागला, एक त्यांच्याकडेही केला. मेस्त्रींनी तो घेतला नाही. पेटीचा नवा पाय त्यांनी काढून पुन्हा तळपायांत धरला आणि कागदानं घासायला सुरुवात केली. तो आधीच गुळगुळीत होता. ते घासत राहिले. भुसा खाली, मजीदच्या खांद्यावर पडत होता. पेटीचा पाय हळूहळू बारीक होत चालला होता. हे त्यांच्या अंगठ्याला कळत होतं.