विचारल्याशिवाय पान्याला हात न लावणारा

दिवाकर खोब्रागडे गेल्याचा फोन माझ्या ऑफिसात आला. फोनवर त्याचा मुलगा होता. त्याला मराठी कळतं, पण बोलतो हिंदीच. "अंकल, पापा नहीं रहे," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी समता कॉलोनीतल्या त्याच्या घरी पोचलो तर अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सहा-सात जण बसले होते, आणि दिवाकर कशानं गेला हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाच्या मते टेन्शन. दुसऱ्याच्या मते रिटायरमेंट जवळ आली की असंच होतं. तिसऱ्यानं वर्षभरात दिवाकरचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "नमक बहुत खाते थे." आत माणूस निजलेला आणि बाहेर ही दीडशहाण्यांची पंगत! दिवाकर उठू शकला असता तर त्यानं एकेकाला खुर्चीसकट फाटकाबाहेर काढलं असतं. गेला दीड महिना लोक मला सांगताहेत की तो फार प्रेमळ होता. छे! तो अख्ख्या रायपूरला तुच्छ लेखायचा, आणि मला विचाराल तर रायपूरची लायकी तेवढीच होती.

तो रेल्वेत डिझेल इंजिनांवर फिटर. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं आणि रातोरात ज्याला त्याला सगळं कळायला लागलं. कालपर्यंत सायकलची पंक्चरं काढणारा आज 'ऑटो एक्सपर्ट' झाला, आणि माझ्यासारखा साधा बाबू "मी मंत्रालयात असतो" म्हणत कॉलर ताठ करून फिरू लागला. मीही त्याच जातकुळीतला, हे कबूल करायला आता लाज कसली? त्या दिवसांत माझी वडलांच्या वेळची मोटारसायकल फटाके फोडू लागली. सदर बाजाराच्या गर्दीत सायलेन्सरमधून असा बार निघायचा की सराफ गल्ला सोडून बाहेर बघायचे. मी तीन मिस्त्री केले. पहिल्यानं गाडी नीट पाहिलीसुद्धा नाही, पान चघळत म्हणाला, "कार्बोरेटर है भैया." दुसऱ्यानं प्लग बदलला. तिसऱ्यानं अर्धं इंजिन खोललं आणि दोन नट जास्तीचे उरले ते माझ्या हातात दिले. फटाके होते तसेच. शेवटी कुणीतरी दिवाकरचं नाव सांगितलं म्हणून त्याच्या दारात गेलो.

"गाडी फटाके फोडून राहिली," मी म्हणालो.

"कधी फोडते?"

"कधीही."

"कधीही म्हंजे? थंडी असताना का गरम झाल्यावर? रेस देताना का सोडताना? चढावर का उतारावर?"

मी सायलेन्सरकडे बघू लागलो. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी परीक्षेला पाटी न घेता आलोय. "तुले तुही गाडी माहीत नाही त मले कशी माहीत असन बे? जाय घरी. आठ दिवस चालव, ध्यान देऊन आइक, मंग ये." गाडीला त्यानं बोटही लावलं नाही. मला असा राग आला म्हणता! मंत्रालयातला माणूस मी, आणि हा काळ्या हातांचा फिटर मला हाकलतो… पण आठ दिवस मी कान देऊन गाडी चालवली. वडील गेल्यापासून ती चालवत होतो, पण तिचं ऐकलं त्या आठवड्यात पहिल्यांदा.

नवव्या दिवशी जाऊन सांगितलं, की थंड असताना नाही, रेस देताना नाही, गाडी चांगली तापली आणि उतारावर रेस सोडली की मगच फोडते. दिवाकर उठला. गाडी चालू करून इंजिनातून धुराचा पाइप निघतो त्या जोडापाशी त्यानं तळहात धरला आणि मग माझाही हात तिथं नेला. गरम फुंकर लागली. जोड काजळीनं काळा झाला होता. "रेस सोडली का न जळलेलं पेट्रोल पाइपात जाते. या फटीतून हवा घुसते. पाइप तापलेला. मंग फुटन नाही त काय होईन?" जोडातली झिजलेली रिंग बदलायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर गाडी कधी फुटली नाही. "सांगणारे लय हायेत," हात पुसत तो म्हणाला, "विचारणारा एक नाही साल्या शहरात."

पुढं चार वर्षं मी जवळपास दर रविवारी त्याच्याकडे जात राहिलो. तो शिव्या घालायचा, मी ऐकायचो, आणि दोघं मिळून शहराची टिंगल करायचो. त्याच्या संगतीत मीही शहाणा झालो असं मला वाटू लागलं होतं. उत्तरं फेकणाऱ्यांना मी ऑफिसात हसायचो.

जाण्याच्या बारा दिवस आधी तो माझ्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आला. एरवी कधी यायचा नाही. मी दाढी करत होतो, नंतर एका लग्नाला जायचं होतं. तो माझ्या पाठीमागे खाटेवर बसला आणि म्हणाला, "वामन, चार रोज झाले. बसलो त काही नाही. जिना चढलो का छाती भरून येते, डाव्या हातात उतरते. थांबलो का बंद." मी आरशातूनच उत्तर दिलं, "गॅस असन बे. ओवा खा."

जन्मात कुणाचं न ऐकणारा तो माणूस. "हव," म्हणाला, आणि उठून गेला. एक शिवी तरी हासडायची होतीस रे! कदाचित त्यालाही तेच ऐकायचं असेल. भीती त्यालाही वाटत असणार. पण मी मान वळवून एक प्रश्न विचारला असता, तर त्याच पावली त्याला डॉक्टरकडे न्यायची बुद्धी मला झाली असती. अंगणातल्या त्या दीडशहाण्यांना मी काय म्हणून हसलो? त्यांनी निदान माणूस गेल्यावर उत्तरं दिली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, लोक जेवून गेले. गाड्यांपाशी बसायचं दिवाकरचं बुटकं स्टूल ओढून शीलावहिनी माझ्यासमोर बसल्या. "भाऊजी, तुमच्यापाशी काही बोलले होते काय हो? मले त काहीच नाही सांगितलं. एवढी वर्सं संग राहिली मी, अन् मलेच कसं समजलं नाही?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मलेही नाही."

त्यानंतर दोनदा त्यांच्याकडे जाऊन आलो. "माहंच ध्यान नव्हतं," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आणि मी बाजूला बसून चहा पितो. ते स्टूल त्यांनी अजून आत ठेवलेलं नाही. नागपूरचा पेपर आमच्याकडे दुपारी पोचतो, आणि रविवारची पुरवणी वहिनी चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचतात. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून त्या पुरवणीसाठी हे असं लिहितो आहे. हाही भित्रेपणाच आहे.

वहिनी, दिवाकर बोलला होता. मला बोलला होता.