पुडीताईचं लिंबूपाणी

चार जिने चढून आल्यावर माणूस आधी दम टाकतो. पुडीताई आधी दाराला कान लावायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चावी आणि श्वास रोखलेला. आत नळ वाजला, खुर्ची सरकली, नुसतं कुणी खाकरलं तरी तिला पुरायचं. काहीच ऐकू आलं नाही की चावी कुलपात जाईना. वीस वर्षं तेच कुलूप उघडणाऱ्या बाईला भोक सापडू नये, याचं शेजाऱ्यांना हसू यायचं. हसोत बापडे. त्यांच्या घरात परतल्यावर माणूस जागेवर असेल की नसेल, असा प्रश्न नव्हता.

घरात असायचा तिचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चांगला बेचाळिशीचा, पण आईवडील गेले आणि घरात एक थोरली नि एक धाकटा एवढंच उरलं, तेव्हा आपणही त्याला धाकटाच म्हणू.

ताई लहान मुलांच्या दवाखान्यात कंपाउंडर. मुलांना आख्खी गोळी गिळता येत नाही, म्हणून ती खलात कुटायची, काचेवर पसरायची, पट्टीने सारखे भाग पाडायचे, साखर मिसळायची आणि कागदाच्या पुड्या बांधून आईबापांच्या हातात द्यायच्या. हे काम तीस वर्षं. तिच्या पुडीत कणभर कमी नाही की कणभर जास्त नाही. मुलांनी नाव ठेवलं पुडीताई, आणि पुढे त्या मुलांची मुलंही तेच म्हणू लागली. कडू औषध कशात लपतं हे तिला जेवढं ठाऊक, तेवढं मोठमोठ्या डॉक्टरांनाही नसेल. केळ्यात लपतं, मधात लपतं आणि सगळ्यात बेमालूम लपतं ते गोड लिंबूपाण्यात.

धाकटा फरशीवाला. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. सुरुवात झाली ती तीन वर्षांपूर्वी, कामावरच्या चहापासून. चहात कुणीतरी काहीतरी घालतं, असं तो म्हणू लागला. ताई म्हणाली, "अरे, दूध नासकं असेल." मग हॉटेलातलं जेवण सुटलं. मग डबा सुटला. मग तो सालातलं केळं आणि टरफलातलं अंडं एवढंच खाऊ लागला, कारण त्यात कुणाला काही घालता येत नाही. आणि एके दिवशी तो घरीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला सापडला. एका अर्धवट इमारतीच्या सातव्या मजल्यावर, कठडा नसलेल्या गच्चीच्या टोकाला, पाय बाहेर सोडून बसलेला. "ये ताई," तो म्हणाला, "इथं वर कुणी काही कालवत नाही." त्याच्या कॉलरपर्यंत पोचायला तिला तीन पावलं टाकावी लागली. ती तीन पावलं ती अजून टाकते आहे. दवाखान्यात पुड्या बांधताना, भाजी निवडताना, रस्ता ओलांडताना मध्येच थांबते आणि तिचा हात कॉलर पकडल्यासारखा मिटतो.

मग मानसोपचाराचं रुग्णालय झालं, गोळ्या झाल्या, धाकटा घरी आला. दोन महिने बरे गेले. नंतर एकदा कुंडीतली माती उकरताना तिला अकरा गोळ्या मिळाल्या, जिभेखाली ठेवून नंतर थुंकलेल्या. तिने विचारलं तर तो म्हणाला, "तुला नाही कळायचं, त्यांनी तुलाही गुंडाळलंय." डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, त्याला बोलता करू, महिन्यातून एकदा इंजेक्शन घ्यायला राजी होतो का बघू, थोडा धीर धरा. धीर धरा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? त्यांनी ती गच्ची पाहिली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी ताईने खल धुऊन घेतला.

आपल्या या पुडीताईला अक्कल नव्हती असं नाही. सगळं जग जेवणात काहीतरी कालवतं, हाच तर त्याचा आजार. केळं-अंडं सोडलं तर त्याला फक्त बहिणीच्या हातचं लिंबूपाणी चालायचं. ती त्याच्यासमोर लिंबू चिरायची, त्याच्यासमोर पिळायची. साखर मात्र आतून आणायची, कुटलेली गोळी मिसळून. संशय नको म्हणून रोजची आख्खी गोळीही त्याच्या हातावर ठेवायची, तो ती फेकतो हे ठाऊक असून. जगात उरलेला तो एकच विश्वासाचा पेला, आणि हिने नेमका तोच धरला. हे तिला कळत नव्हतं? कळत होतं. पण मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं तिने डोळे मिटले. इकडे आड तिकडे विहीर असताना माणूस जवळची उडी मारतो.

आणि औषध लागू पडलं. वीस दिवसांत तो आंघोळ आपणहून करू लागला. चाळीस दिवसांत डबाभर जेवू लागला. एकदा तिच्या स्वयंपाकघरातली हलणारी फरशी त्याने उकलून पुन्हा बसवली आणि म्हणाला, "ही कुणी बसवली होती? आंधळ्याने?" ती फरशी त्यानेच बसवलेली होती. दोघं पोट धरून हसले. हसता हसता ताईच्या मनात आलं, हा पेला त्याला कळला तर? त्या दोन महिन्यांत ती एक दिवसही निर्धास्त झोपली नाही. आधी भीती होती की तो बरा होणार नाही. आता बरा होत होता, तर भीती दुप्पट झाली.

साठाव्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर खूश. "गोळ्या छान लागू पडल्यात की."

"कसल्या गोळ्या?" धाकटा म्हणाला. "दोन महिने एक गोळी घेतली नाही मी. खिडकीतून फेकतो. बघा, ठणठणीत आहे की नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ताईकडे पाहिलं. ताईने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. डॉक्टरांनी धाकट्याला वजन करून यायला बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

"कशात देता?"

"लिंबूपाण्यात."

"त्याला भीती कशाची वाटते, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"आणि तुम्ही तेच करताय."

"मग काय करू, डॉक्टर? मरू देऊ त्याला?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की बाहेरचा वजनकाटाही थांबला असावा.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला सांगा. पुढच्या आठवड्यात, इथं, माझ्यासमोर. तुम्ही सांगितलंत तर ती चूक ठरेल. त्याने शोधून काढलं तर तो पुरावा ठरेल."

पुढच्या आठवड्यात ताईला ताप आला. ताप कसला, अंग जरा कोमट होतं. पण ताप म्हटलं की जायचं टळतं, हे तिच्याकडे येणारी पोरंसुद्धा जाणतात.

आणि गंमत बघा, तो बरा होत होता म्हणूनच त्याला नीट दिसू लागलं.

रविवारी सकाळी ती बाजारातून परतली. दाराला कान लावला. आत काहीच आवाज नाही. चावी दोनदा निसटली. दार उघडलं तर धाकटा खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसला होता आणि खिडकीच्या कट्ट्यावर चार काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. चारहींत लिंबूपाणी.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "हलेल."

वाळूत माती किती आहे हे बघायला फरशीवाले बाटलीत वाळू घालतात, पाणी भरतात, हलवतात आणि ठेवून देतात. जे जड ते आधी बसतं, जे हलकं ते मागून. थर मोजला की मालाची लबाडी कळते. वीस वर्षं धाकट्याने ठेकेदारांची लबाडी अशीच पकडली होती.

"ही गुरुवारची," त्याने बोट ठेवलं. "ही शुक्रवारची. ही कालची. आणि ही चौथी मी स्वतः केली, तुझ्याच साखरेची."

चौथीच्या तळाशी थोडा पिवळट गर होता. बाकी तिन्हींच्या तळाशी, गराच्या खाली, पांढरी रेघ होती. बारीक, सारखी, तिन्हींत अगदी एकाच जाडीची. पुडीताईचं माप ते, चुकणार कसं!

दोन गोष्टी तिला एकदम कळल्या: याला सगळं कळलंय, आणि याच्या पोटात तीन दिवस औषध नाही. थाप ओठांवर तयार होती. ताकदीची पूड आहे रे, हाडांसाठी, तुझं वजन कमी भरलं ना. त्याने मान डोलावली असती, कदाचित. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागाचं एक वेळ काही करता आलं असतं. पण तो लहानपणी चुकून गर्दीत हात सुटल्यावर जसा दिसायचा, तसा दिसत होता.

"मीच घालत होते," ती म्हणाली. "तुझ्या गोळ्या. कुटून."

"कधीपासून?"

"सत्तर दिवस झाले."

"म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं."

"हे एवढं खरं होतं. हे एवढंच. बाकी कुणीही काहीही घातलं नव्हतं रे, शपथ घेऊन सांगते."

"तुझी शपथ," तो म्हणाला आणि उठून स्वयंपाकघरात गेला. दार आतून बंद झालं.

स्वयंपाकघरात सुरी होती. गॅस होता. खिडकी होती आणि खाली चार मजले होते. ताई दाराबाहेर उभी राहिली. मनातल्या मनात ती ती तीन पावलं टाकत होती आणि मध्ये दार येत होतं. दार वाजवावं तर तो बिथरेल, न वाजवावं तर... भांडं आपटलं. काडी ओढली. मग बराच वेळ काही नाही. मग सुरी, पाटावर, खट, खट, खट. तिने तोंडात पदराचा बोळा धरला.

दार उघडलं. धाकट्याच्या हातात एकच ताट होतं. उकडलेले बटाटे, वर मीठमिरी, बाजूला भाताची मूद. त्याने ते तिच्यासमोर ठेवलं.

"खा."

"तू?"

"तू खा आधी. मी केलंय."

तिने हात पुढे केला आणि तो ताटाच्या काठावर थांबला. तिने थांबवला नाही, आपोआप थांबला. याने यात काय घातलं असेल? तीन दिवस औषध नाही, रागात आहे, आत दार लावून काय करत होता? एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं, स्वतःच्या भावाबद्दल, त्याच्याच देखत. शरमेने तिचे कान तापले, पण हात काही पुढे सरकेना.

धाकटा तो हात पाहत होता.

"हेच," तो हळूच म्हणाला. "मला रोज असं होतं, ताई. प्रत्येक घासाला. तुझ्याकडे तेवढं होत नव्हतं."

ती रडली. मोठ्याने, नाक ओढत, थोरलेपणाचा काही मान न ठेवता रडली. "चुकलं रे माझं," म्हणाली, "मला फार भीती वाटते, तू जाशील याची मला फार भीती वाटते." मग तिने डोळे पुसले आणि जेवायला सुरुवात केली. प्रत्येक घासाला हात अडखळत होता, प्रत्येक घास तिने तसाच गिळला. ताट साफ होईपर्यंत तो समोर बसून होता.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "मी एकटा आत जाणार. तू बाहेर बसायचं."

"बरं."

"आता गोळी आण. आख्खी."

तिने पाकीट आणलं, त्याच्यासमोर फोडलं. त्याने गोळी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, मुठीत घेतली.

"तिकडे तोंड कर," तो म्हणाला. "बघायचं नाही. नंतर विचारायचंही नाही."

सत्तर दिवस ती त्याचा प्रत्येक रिकामा पेला मोजत आली होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागे खुर्ची सरकली, पावलं स्वयंपाकघराकडे गेली, नळ सुटला, नळ बंद झाला. तिने वळून पाहिलं नाही.