जुन्या गाडीतली दुपार

शेजाऱ्याच्या नव्या गाडीत डोकावलो आणि कोऱ्या सीटांच्या वासानं रिसोडच्या गाड्यांच्या दुकानातली एक जुनी दुपार आठवली. आमच्या ऐपतीत एक छोटी नवी गाडी बसत होती, नाहीतर सात जणांची जुनी. माझं मन नवीवर होतं. माझी बायको सुमन मात्र जुनीत जाऊन बसली.

"नवीत मायले कुठी बसवसान? हिच्यात सारे मावतीन. या, बसून तं पाहा."

मी शेजारी बसलो. तापलेल्या रेक्झिनला उदबत्तीचा वास होता. मालक चहा सांगायला गेलेला. आम्ही दोघंच बसून राहिलो. मी नुसतं फाटलेलं छत पाहत होतो.

जुनीच घेतली. पुढं ती कायम माणसांनी भरलेली असायची. सुमन गेल्यावर लक्षात आलं, त्या गाडीत आम्ही दोघंच बसलो ते तेवढंच.