पत्रकावर नसलेली गायिका

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. सोनाळ्यात जयंती असो, सभा असो की दारूबंदीचा मोर्चा, मजकूर वडील लिहायचे आणि नांदुऱ्याहून छापून आणायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. कॉलेजात गेल्यावर मजकुराचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच वर्षी मी नियम केला: पत्रकावर कुणाचंही नाव नाही. अध्यक्ष नाहीत, पाहुणे नाहीत, गायकही नाहीत. चळवळ नावांवर चालू नये, असं माझं मत होतं. अजूनही बरंचसं आहे.

आत्या आमच्या गायन पार्टीची मुख्य गायिका. एरवी ती शेतमजुरीला जायची. जयंतीच्या एप्रिलमध्ये मात्र तिला गावोगावच्या सुपाऱ्या असत. नव्या नियमाचं पत्रक हातात घेऊन तिनं विचारलं, "काऊन वं, माह्यं नाव कुठं हाय?"

"गाणं समाजाचं असतं, आत्या."

"समाजाचं असन. घसा तं माहा बसते ना?" मग तिनं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् ह्या भोंगेवाल्याचं काऊन छापलं?"

साउंडवाला भाडं कमी घ्यायचा, म्हणून त्याची जाहिरात जायची. ती मी नावात धरली नव्हती.

२०२० चा एप्रिल रिकामा गेला. पुढचाही. हार्मोनियम पोत्यात बांधून ठेवली होती. पार्टीतले ढोलकीवाले काका फवारणीच्या कामाला जाऊ लागले. मग कलावंतांना मदत मिळणार असल्याचं कळलं. अर्जासोबत कार्यक्रमांचे छापील पुरावे लागणार होते. आत्याला मदतीपेक्षा यादीचं अप्रूप होतं. "यादीत लागलं म्हंजे सरकारनंबी मानलं ना, मी गाते म्हून."

वडिलांच्या वेळची पत्रकं माझ्या अक्षरं गिरवण्यातच संपली होती; माझ्या वेळची सगळी घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. मास्क लावलेल्या कारकुनानं एकेक उलटून पाहिलं. "यात साउंडवाला आहे, छापखाना आहे. बाई कुठं आहेत?"

मी त्यांना नियमामागची भूमिका समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"ताई, हे मी वर काय म्हणून पाठवू?"

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "तू तं त्याले भाषनच देऊन राह्यली होती."

दोन दिवसांनी छापखानेवाल्याचा फोन आला. मागच्या तारखेचं, नाव घातलेलं पत्रक छापून द्यायला तो तयार होता. खोटा कागद नको, म्हणून मी नाही म्हटलं. आत्याला विचारलं नाही. यादी लागली तेव्हा तिनं तीत आपलं नाव दोनदा शोधलं आणि कापूस वेचायला निघून गेली.

२०२२ च्या जयंतीला कार्यक्रम पुन्हा ठरला. या वेळी मी तिचं नाव सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत घातलं. गठ्ठा घेऊन तिच्याकडे गेले. तिनं नावावरून बोट फिरवलं, मग ओळीओळीनं खाली आली.

"ढोलकीवाला कुठं हाय?"

"जागा नव्हती, आत्या."

"भोंगेवाल्याले हाय?"

तिनं गठ्ठ्याची सुतळी पुन्हा बांधली आणि तो माझ्या हातात दिला.

"जाय, वापस घेऊन जाय. त्याच्याबिगर मी गात नाई."

दुपारच्या बसनं मी पुन्हा नांदुऱ्याला गेले.