भागीरथी उर्फ रखमा

हवालदार सिताराम गमरे माझ्या घरी येतो, पण बसत नाही. दाराबाहेर चपला काढतो आणि मग माझ्या नेरूळच्या साडेपाचशे फुटांच्या घरात गस्त घालत सुटतो. खिडकी, फ्रिज, देव्हारा, परत खिडकी. माझी बायको स्मिता चहाचा कप घेऊन त्याच्या मागे फिरते आणि शेवटी कंटाळून कप फ्रिजवर ठेवते. मार्चमध्ये तर त्यानं कहर केला. सकाळी सहाला बेल वाजल्यावर कोण आहे हे विचारणंही आम्ही सोडून दिलं होतं.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पण बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त चालवला. पलटणीच्या ऑफिसात कारकून होतो. त्यामुळे आसपासच्या माजी सैनिकांच्या फायली माझ्याकडे येतात. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाच्या मुलीची नोंदच नाही. मी आधी शिव्या घालतो आणि मग दुरुस्त करून देतो. दोन्ही फुकट.

सिताराम पोलादपूरकडचा. वीस वर्षं फौजेत काढली, नंतर उरणच्या एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी केली. आता सदुसष्ट वर्षांचा आहे. हृदयात तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि ऑपरेशनची एकवीस तारीख ठरली. त्याच आठवड्यात बायकोचं, म्हणजे रखमावहिनींचं, फौजेच्या दवाखान्याचं नवं कार्ड करायला गेला, तर अर्ज परत आला. फौजेच्या रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव भागीरथी आणि आधार कार्डावर रखमा.

"साहेब, एकवीसच्या आत होईल ना?"

"ऑपरेशन तुझं, कार्ड वहिनींचं. एवढी कसली घाई लागलीय?"

तो खिडकीशी गेला आणि तिथूनच बोलला. "मी टेबलावरनं उठलोच नाय तर? माझ्यामागं पेन्शन भागीरथीच्या नावानं निघंल. रखमा गेली मागायला, तर इचारतील, बाई, तू कोन?"

"टेन्शन घेऊ नकोस. दहा दिवसांचं काम आहे."

खरंच दहा दिवसांचं काम होतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. फौजेत सासरचं नाव लागतं, बाकी कागदांवर माहेरचं राहतं, आणि पन्नास वर्षांनी कुठलं तरी मशीन म्हणतं की या दोन बायका आहेत. असली साठ-सत्तर प्रकरणं मी निस्तरली आहेत. 'अमुक उर्फ तमुक ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करायचं, पेपरात जाहिरात द्यायची, रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. मी सितारामला काही विचारलं नाही. मसुदा मला तोंडपाठ होता. त्यानंही तोंड उघडलं नाही. फक्त रोज सहाला यायचा आणि घरभर चालायचा. मला वाटलं, ऑपरेशनची धास्ती आहे.

सोमवारी आम्ही तिघं बेलापूरला नोटरीकडे गेलो. अंकुशराव माझ्या ओळखीचे नोटरी. रखमावहिनी इस्त्रीची साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या. परतताना दिवाळे गावात उतरून सुके बोंबील घ्यायचा त्यांचा बेत होता. अंकुशरावांनी नेहमीप्रमाणे मसुदा वाचून दाखवला. "मी, भागीरथी उर्फ रखमा सिताराम गमरे, शपथेवर लिहून देते की भागीरथी व रखमा ही दोन्ही नावे माझीच असून..."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "भागीरथी माझी थोरली भैन होती."

अंकुशरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सितारामकडे पाहिलं. तो त्या एवढ्याशा गाळ्यात, दोन खुर्च्या आणि झेरॉक्स मशीनच्या मधे, येरझाऱ्या घालायला लागला.

"रखमा, आता सही कर. घरी बोलू."

"घरी बेचाळीस वर्सं नाय बोललो."

मग सगळं बाहेर आलं. १९८२ साली भागीरथी पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. सिताराम सीमेवर, उंचावर बर्फात होता. तार पोचून तो गावी आला तेव्हा आठ दिवस उलटले होते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या दिवसकार्याच्या, दिवशीच दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की धाकटी द्यायची. रखमा एकोणीस वर्षांची. तिला कुणी विचारलं नाही आणि त्यालाही नाही. रजा संपायच्या आदल्या दिवशी लग्न लागलं.

फौजेत बायको गेली तर कळवावं लागतं, दुसरं लग्न केलं तरी कळवावं लागतं. दोन्हीची नोंद होते, हुकूम छापून येतो.

"का नाही कळवलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. गाढवासारखा खोटा मसुदा मी माझ्या हातानं लिहिला होता.

"परत जाऊन ऑफिसात रिपोर्ट केला. बाबूनं इचारलं, घरी सगळं ठीक? मी म्हनालो, ठीक हाय." सितारामचे पाय थांबेनात. "ती मेली असं तोंडानं म्हनायला लागलं असतं साहेब. मला जमलं नाय. मग वरीस गेलं. मग वाटलं, आता सांगितलं तर शिक्षा व्हईल. मग सुगत झाला. त्याच्या आईचं नावबी रेकॉर्डात होतं तेच देऊन टाकलं."

म्हणजे जिला मूल पाहायला मिळालं नाही, ती कागदावर सुगतची आई होती. आणि जिनं त्याला वाढवलं, ती कुठंच नव्हती. मला चीड आली, पण कुणावर काढायची? त्या बाबूच्या खुर्चीत मी बावीस वर्षं बसलो होतो. 'ठीक आहे' ऐकलं की मीही पुढच्या जवानाला हाक मारायचो.

मी मनाशी हिशेब केला. खरं लिहायचं तर भागीरथीच्या मृत्यूचा पुरावा हवा. तेव्हा घरात मेलेल्या बाईची नोंद करायला कोण गेलं होतं? दुसऱ्या लग्नाचा पुरावा हवा, मुलाची दुरुस्ती हवी, एवढी वर्षं का लपवलं त्याचा खुलासा हवा. वर्ष कुठंच गेलं नाही. आणि ऑपरेशनला दहाच दिवस होते. लाज वाटते, पण सांगतो, मीच म्हणालो, "वहिनी, आत्तापुरती सही करा. तुमच्याच भल्याचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ह्ये वर डोंगरावर होते. ताईच्या उशाशी मी बसले होते. दोन दिवस वरडत होती ती. तुमी लिहिताय, तीच मी. मंग मेली ती कोन?"

मी पुढं केलेलं पेन मागं घेतलं.

"पर तुझं काय व्हईल?" सिताराम जवळजवळ ओरडलाच. "मी गेलो तर तुला कोन धूप घालनार नाय!"

"सुगत हाय. मला हात हायेत. तुमी टेबलावरनं उठा, तेवढंच काम तुमचं. बाकीचं मी बगते."

अंकुशरावांनी माझा मसुदा बाजूला सारला. वहिनी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. माझी थोरली बहीण भागीरथी सिताराम गमरे ही सन १९८२ मध्ये राहत्या घरी बाळंतपणात मयत झाली, मी समक्ष हजर होते. एवढंच वाक्य लिहायला मला वेळ लागला. छापून आणलं, वाचून दाखवलं. या वेळी वहिनींनी मधे थांबवलं नाही. पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पेन घेतलं आणि एकेक अक्षर दाबून, जीभ ओठात धरून सही केली.

अंकुशरावांनी कागद फिरवून पाहिला. "अहो बाई, हे काय केलंत?"

बहीण मयत झाल्याच्या मजकुराखाली सही होती, भागीरथी.

"मीच शिकवलं," सितारामचा आवाज फुटला. "रिटायर होताना पेन्शनच्या कागदावर बायकोची सही लागत व्हती. आठवडाभर पाटीवर गिरवून घेतलं. तिला तेवढंच लिहिता येतं साहेब. दुसरं काय बी येत नाय." आणि तो भिंतीकडे तोंड करून, खांदे गदगदत, रडायला लागला.

वहिनी त्या सहीकडे बघत राहिल्या. त्यांचेही डोळे भरले होते. अंकुशरावांनी दुसरी प्रत काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "रखमा म्हणजे तीनच अक्षरं आहेत बाई. मी लिहून दाखवतो, तुम्ही गिरवा."

"नको," वहिनींनी डावा अंगठा पुढे केला. "सही ताईची हाय. ती ऱ्हाऊ द्या तिच्याकडं. माझा अंगठा घ्या."