धरा जरा, ताई

जर्मनीत सहा वर्षं काढून मी महिन्याच्या सुट्टीवर घरी आले होते. मावशीला भेटायला म्हणून आई आणि मी खुलताबादच्या एसटीत बसलो. आई खिडकीशी, मी कडेला. गाडी सुटता सुटता एक बाई चढली. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं लेकरू, दुसऱ्या हातात जड पिशवी. गाडीला गचका बसला तसं तिनं लेकरू सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

“धरा जरा, ताई.”

“अहो, आधी विचारायचं तरी,” मी म्हणाले आणि लेकरू उचलून तिच्यापुढं धरलं.

आवाज मोठा नव्हता. तिकडं ट्राममध्ये बोलते तसाच, शांत आणि कोरडा. तरी आजूबाजूच्या गप्पा थांबल्या.

“चुकलं, ताई,” ती म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. आईनं हात पुढं केले आणि लेकरू आपल्या मांडीवर घेतलं.

तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात मी कामावरून येताना ट्राममध्ये झोपून गेले होते. समोरच्या बाई रोजच्या. मी कुठं उतरते ते त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी उठवलं नाही. मी पार शेवटच्या थांब्यावर पोचले. “इथं कुणी कुणाला हात लावत नाही गं,” असं आईला फोनवर रडत सांगितलं होतं. पुढं तेच मला आवडायला लागलं.

घाट सुरू झाल्यावर मी उठले. “तुम्ही बसा.”

“नाय, नाय. तुम्ही बसा. मला सवय हाय.”

दोनदा म्हटलं, तरी ती बसेना. परत बसायची मला लाज वाटली. शेवटी मागचे एक आजोबा त्या जागेवर येऊन बसले आणि आईशी बोलायला लागले. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. तिच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

“एवढी गप्प का गं ही?” मावशीनं दारातच विचारलं.

“घाटात मळमळतं तिला,” आई म्हणाली.

मला घाटात कधीच मळमळत नाही. मावशीनं लगेच लिंबू चिरलं आणि तिनं दिलेलं सरबत मी खाली मान घालून प्याले.