अकराची भाकरी

साल दोन हजार चोवीस. मी शहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण घर माझ्या शब्दावर चालतं.

आमचं घर लासुर्ण्याच्या शिवारात, उसाच्या मधोमध. थोरल्याची मुलगी तेव्हा वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटेच कालव्याच्या भरावावर पळायला जायची आणि साडेआठला लालबुंद होऊन परतायची. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती.

आमच्यात रीत अशी, की सकाळी नऊला पहिला घास मी घेणार, मग बाकीचे. माझा हात धुऊन झाला की चूल विझली. शिळं मला चालत नाही, म्हणून सून बेतानंच भाकरी थापायची. मागं तुकडा उरत नसे.

नात ताटावर बसायची, चतकोर मोडायची आणि कालवणात फिरवत राहायची.

"खा की गं."

"आबा, उतरत न्हाय."

"मग काय वारा पिऊन पळणार हायेस?"

पोरींना बारीक व्हायचं खूळ असतं, असं मी सुनेला सांगून टाकलं. पण अकरा वाजले की हीच पोर बिस्किटाचा पुडा फस्त करायची, शेंगदाण्याचा डबा खरवडायची, आणि संध्याकाळी फाट्यावर वडापाव. घरची भाकरी तेवढी नको.

एका रविवारी ती भरतीच्या सरावाच्या मैदानावरून आली आणि मान खाली घालूनच ताटावर बसली. सून म्हणाली, "शेवटच्या फेरीत पायच उचलंनात तिचं. सगळ्या पोरी म्होरं गेल्या. असंच ऱ्हायलं तर भरतीत निघायची न्हाय, म्हणत्यात शिकवणारे."

"ताटावर खात न्हाय, मग पाय कुठनं उचलतील?" मी म्हणालो.

पोर उसळली. "आबा, तुमी तालमीतनं आल्या आल्या भाकरी खायचा व्हय?"

तरुणपणी मी पैलवान होतो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच सांगत असतो. जोर-बैठका मारून, लढत खेळून झाल्यावर अन्न दिसलं तरी मळमळायचं. हौद्यातल्या मातीत पडून राहायचो. भूक लागायची ती उन्हं चढल्यावर, आणि मग टोपलं रिकामं. माझी आई भाकरी फडक्यात झाकून ठेवायची. पोराला कसलं खूळ लागलंय, असं कुणी म्हटलं नाही.

"ती गोष्ट येगळी व्हती," मी म्हणालो.

"काय येगळी? पोट ते पोटच की."

सुनेनं तोंडाला पदर लावला. मी भाकरी संपवली, हात धुतला आणि गोठ्याकडे गेलो. हार मानायची सवय मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून परात घेऊन बसली. मी म्हणालो, "पीठ मळू नगं आत्ता. मला भूक न्हाय."

"मामा, बरं वाटत न्हाय का?"

"बरं हाय. अकराला थाप."

थोरला चहा पिऊन कुरकुरत शेतात गेला. पोटात कावळे ओरडत होते, तरी मी ओट्यावर बैलाचं दावं वळत बसलो. अकराला आतनं आवाज आला, "आई, काय खायला हाय का गं?"

मी दावं खाली ठेवलं, आत जाऊन तिच्या शेजारी बसलो आणि सुनेला म्हणालो, "वाढ." भाकरी तव्यावरची होती. पहिला घास मीच घेतला.